बुवांची बारा मिनिटं

घड्याळजींनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. आठवडाभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि दर शनिवारी बुवांचं निरूपण ऐकलं. मधल्या काळात लग्न, संसार, मुलगा हेही झालं. पण त्यात घड्याळजींचा हात नुसता लागला, ओझं आपणच उचललं, असं त्यांची पत्नी चारचौघांत सांगायची. घड्याळजी मान डोलवायचे. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात कुठे मान डोलवायची हे माणसाला कळू लागतं.

आता वय शहात्तर. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. हात थोडे थरथरायचे, चहाची बशी वाजायची. पण प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीवर लांबट लाकडी पेटीचं लंबकाचं घड्याळ होतं, त्याच्यापाशी गेलं की तेच हात गप्प व्हायचे. एकतीस वर्षं त्या घड्याळाची देखभाल त्यांच्याकडे होती. शनिवारी निरूपण संपलं आणि मंडळी उठली, की घड्याळजींनी किल्ली द्यायची, काटे जुळवायचे आणि काच पुसायची. गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं, म्हणून त्यांची खुर्चीही घड्याळाच्या अगदी शेजारीच मांडलेली असायची. खुर्चीत बसून डावा हात नुसता लांब केला, की लंबकाचं छोटं दार उघडता यायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुवा गाऊन सांगायचे. आधी उपदेश, मग गोष्ट. उपदेश म्हणजे गोळी आणि गोष्ट म्हणजे वरचा गूळ. पण बुवांची गोळी गिळता गिळता तास जायचा आणि गुळाला आणखी एक. कोणाची तक्रार नव्हती. बुवा पेटीवर बोटं ठेवून पहिला सूर लावायचे आणि आठवडाभर कोरडा पडलेला माणूस आतून ओला व्हायला लागायचा. ज्याचं पोर बोलत नाही, ज्याचं दुखणं हटत नाही, ज्याला काहीच झालेलं नाही पण उगीच उदास वाटतं, सगळे तिथे एका सतरंजीवर टाळ्या वाजवत बसायचे.

मग नवे चिटणीस आले.

चिटणीस माणूस सज्जन, भाविक, आणि बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रक लावून निवृत्त झालेला. त्यांनी आल्या आल्या दोन नियम केले. पहिला नियम, मोबाइल आणि मनगटी घड्याळं दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायची. कारण एकदा ऐन ध्यानाच्या वेळी कोणाच्या तरी खिशात सिनेमातलं गाणं वाजलं होतं. हा नियम सगळ्यांना पटला. याच कारणानं भिंतीवरच्या घड्याळाचे टोलेही घड्याळजींना बंद करायला लावले. दुसरा नियम, निरूपण सव्वापाचला सुरू होईल आणि सहाला संपेल.

"देवाच्या दारात वेळेचं बंधन?" घड्याळजींनी विचारलं.

"सूर्य देवाचाच आहे ना?" चिटणीस म्हणाले. "एक दिवस तरी उशिरा उगवलाय का?"

 घड्याळ दुरुस्त करणाऱ्यानं सूर्याशी वाद घालायचा नसतो.

बुवा गरीब गाय. त्यांनी नियम मान्य केला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पाहून गायचं. ऐकणाऱ्यांची पाठ घड्याळाकडे आणि तोंड बुवांकडे, तेव्हा वेळ बघणारे एकटे बुवाच. पण वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन तासांची गाडी पाऊण तासात कशी बसवायची? त्यांनी उपदेश अर्धा केला, तरी गोष्ट पुरी होईना. त्या वेळची गोष्ट एका नावाड्याची होती. या नावाड्यानं जन्मात कधी देवाला हात जोडले नव्हते. त्याच्या होडीत एक म्हातारी बसली. तिच्या तोंडी सतत प्रार्थना आणि हातात काठी. होडी पुराच्या पाण्यात मधोमध आली आणि वल्हं मोडलं. नेमके सहा वाजले. बुवांनी पेटी मिटली.

पुढच्या शनिवारी उपदेश, थोडी उजळणी, पुन्हा पूर, पुन्हा वल्हं मोडलं, सहा. तिसऱ्या शनिवारी तेच. तीन आठवडे म्हातारी पुरात गरगरत होती.

"मला एवढंच कळत नाही," घड्याळजी घरी येऊन म्हणाले, "की ती म्हातारी बुडते की तरते."

"पुढच्या वेळी कळेल," पत्नी म्हणाली. ती भक्तीत त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या वर होती. पहिल्या रांगेत बसायची आणि आवंढासुद्धा तालात गिळायची.

"अगं, पण पुढच्या शनिवारी मी असेन याची हमी कोण देतो? शहात्तर म्हणजे काय वय आहे का, गोष्ट अर्धी ठेवण्याचं?"

"मग वर जाऊन थेट देवालाच विचारा. गोष्ट त्याचीच आहे."

हे उत्तर शास्त्राला धरून होतं, पण घड्याळजींना त्यात राम वाटेना. चौथ्या शनिवारी बुवांनी मोठं गाणं धरलं, सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवू लागले, आणि घड्याळजींचा डावा हात आपसूक लंबकाच्या दाराकडे गेला. एक बोट लावलं. लंबक थांबला. टिकटिक थांबल्याचं त्या टाळ्यांत देवाशिवाय कोणाला कळलं नसेल. गाण्याची तीन कडवी होईपर्यंत बोट तसंच ठेवलं, मग हळूच लंबक सोडला. मनात मोजून बारा मिनिटं. मंडळी उठल्यावर किल्ली देताना काटे पुन्हा जागच्या जागी आणले. काटा मागे फिरवला नाही. ते पाप त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. नुसतं थांबवलं होतं. थांबणं आणि मागे जाणं यात फरक आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

त्या बारा मिनिटांत म्हातारीनं काठी उचलली होती. पण काठी उचलून काय केलं, ते कळायच्या आत बुवांच्या डोळ्यांपुढे सहा वाजले. असे तीन शनिवार गेले. बुवा हाती आलेला वेळ उपदेशात घालायचे आणि म्हातारी काठी उचलून तशीच उभी राहायची. रोग्याला जास्तीचं दूध द्यावं आणि ते मांजरानं प्यावं, तसं झालं.

इकडे घरी निराळंच प्रकरण. सूनबाई परिचारिका. शनिवारी तिची संध्याकाळची पाळी, साडेसहाची बस. सासू-सासरे सव्वासहापर्यंत घरी येऊन दोन वर्षांच्या नातीला ताब्यात घेणार, अशी घडी बसलेली. त्या घडीला बारा मिनिटांची चुणी पडली.

"आई," दुसऱ्यांदा बस चुकल्यावर सून शांतपणे म्हणाली, "तुमच्या देवाला वेळ कमी पडत असेल तर माझ्यातला द्या. पण आधी कळवा."

"मी कशाला उशीर करते? बुवांनी सोडलं की निघतो."

"बाबा, तुम्ही काय म्हणता?"

बाबा नातीला लाकडी घोडा दाखवण्यात गढून गेले होते. घोडा याआधी त्यांनी एवढा निरखून कधी पाहिला नव्हता.

चिटणीसही स्वस्थ नव्हते. टोपलीतून घड्याळ काढून मनगटावर बांधलं की त्यांना धक्का बसायचा. डेपोच्या सवयीनं त्यांनी वही घातली. 'शनिवार. बारा मिनिटे उशीर. कारण: अज्ञात.' पुढच्या शनिवारी तेच, त्याच्याही पुढच्या शनिवारी तेच. आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहावं, तर ते मनगटाशी सेकंदाला सेकंद जुळलेलं. घड्याळजी शेजारी उभे राहून काच पुसत असायचे.

"तुमच्या घड्याळात खोट नाही," चिटणीस कौतुकानं म्हणाले. "एकतीस वर्षांत कधी नव्हती, असं सगळे सांगतात."

घड्याळजींनी काच आणखी जोरात पुसली.

म्हणजे खोट बुवांत. दुसऱ्या उशिरानंतरच चिटणिसांनी मोठ्या आदरानं बुवांना सांगितलं, की घड्याळ नीट दिसत नसेल तर खूण करायला पुढे कोणाला तरी बसवू. बुवा वरमले. त्यांनी जाऊन डोळे तपासून घेतले, नवा चष्मा केला. नव्या चष्म्यातूनही तोच काटा, तीच वेळ आणि तीच बारा मिनिटं. आणि मग सहाव्या शनिवारी प्रार्थना झाल्यावर बुवा पेटी मिटून उभे राहिले.

"मंडळी, डोळे ठीक आहेत असं डॉक्टर म्हणतात. मग मीच ठीक नसेन. पूर्वी दोन तास गायचो आणि घसा सुकायचासुद्धा नाही. हल्ली पाऊण तास गातो आणि तास झाल्यासारखा दम लागतो. घड्याळाकडे बघतो तर काटा हलत नाही असं वाटतं. काटा हलत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं आपण हलावं. पुढचा शनिवार माझा शेवटचा."

 मागे खुर्चीत घड्याळजींनी डावा हात मांडीखाली दडवला. चिटणीस हळहळले, पण सोयही सांगून मोकळे झाले: पुढच्या महिन्यापासून पडद्यावर ध्वनिमुद्रित निरूपण, प्रत्येक बरोबर चव्वेचाळीस मिनिटांचं, एक मिनिट चपला शोधायला.

 घरी आल्यावर पत्नीनं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "बोट दाखवा."

"कुठलं?"

"डावं."

बोटाच्या टोकाला तेलाचा काळा ठिपका होता.

"किल्ली देताना लागलं असेल."

"किल्ली तुम्ही उजव्या हातानं देता. एकोणपन्नास वर्षं बघतेय, डाव्या हातानं तुम्ही नुसते उद्योग करता."

घड्याळजींनी सगळं सांगितलं. लंबक, तीन कडवी, बारा मिनिटं, म्हातारी. सांगताना मध्ये एकदा "पण काटा मागे फिरवला नाही," असंही म्हणून पाहिलं.

"अहो, देवाच्या घरात चोरी केलीत ती केलीत," ती म्हणाली, "आणि चोरी कशाची, तर त्या बापड्याच्या दमाची. तो बिचारा नवा चष्मा करून आला."

"त्यांना जास्त ऐकावं म्हणून तर केलं."

"जास्त ऐकाल. आता पडदा ऐका."

त्या रात्री घड्याळजींच्या मनात तराजू हलत राहिला. बोललं, तर एकतीस वर्षांची पत पाण्यात. ज्याच्या घड्याळात खोट नाही असं सारे म्हणतात, त्याच माणसात खोट निघायची. नाही बोललं, तर बुवा गेले. आणि बुवा जाणार ते आपण म्हातारे झालो असं समजून, हे सगळ्यात वाईट. म्हातारं होणं खरं असेल तर ठीक. दुसऱ्याच्या बोटानं म्हातारं होणं बरं नव्हे.

रविवारी सकाळी ते बुवांच्या घरी गेले. बुवा डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यातली वाफ घेत होते.

"कोण?" टॉवेलमधून आवाज आला.

"मी. घड्याळवाला."

"बसा. दहा मिनिटं टॉवेल काढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही बोला, मी ऐकतो. कधी नव्हे ते."

घड्याळजींना हे बरंच वाटलं. माणसाच्या तोंडाकडे बघून जे बोलवलं नसतं ते टॉवेलकडे बघून बोलता आलं. गुडघे चोळत त्यांनी पहिल्या शनिवारपासून सहाव्या शनिवारपर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "बुवा, काटा हलत नाही असं तुम्हाला वाटलं नाही. तो हलत नव्हताच."

 टॉवेल थरथरू लागला. घड्याळजींना वाटलं, रडवलं आपण या संताला. ते उठून खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात टॉवेल बाजूला झाला. बुवांचं तोंड लालबुंद आणि डोळ्यांत पाणी. ते हसत होते.

"म्हणजे मी तासभर गात होतो?"

"सत्तावन्न मिनिटं," घड्याळजींनी सवयीनं दुरुस्ती केली.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? न थांबता? आणि मी इथे वाफा घेतोय?" बुवांनी पातेलं पायानं दूर सारलं. "अहो, दम का लागणार नाही? पाऊण तासाचा दम घेऊन मी तासाची चढण चढत होतो. घरात कोण आहे, चहा टाका रे."

चहा झाला. मग बुवा गंभीर झाले. "मी जात नाही. पण चिटणिसांना तुम्हीच सांगायचं. माझ्या नावावर तीन शनिवारांचा उशीर लागलाय."

ते पहिल्यापेक्षा अवघड होतं, कारण चिटणिसांच्या डोक्यावर टॉवेल नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही उघडली, 'कारण: अज्ञात' वर तीनदा रेघ मारली आणि तीनदा लिहिलं, 'कारण: घड्याळजी.' मग वही मिटून म्हणाले, "डेपोत असता तर निलंबित केलं असतं. इथे देवाचा कारभार, म्हणून माफी. पण यापुढे तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. खुर्ची हवी तर पुढे घ्या. आणि घड्याळाशेजारच्या खुर्चीवर तुमच्या घरच्या बसतील. त्यांच्यावर आमचा विश्वास आहे. वेळ मात्र तीच. सव्वापाच ते सहा."

"माझाही तिच्यावर आहे," घड्याळजी म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी पत्नीनं सुनेला विचारलं, "आज तुझी सुट्टी आहे ना?"

"हो आई. कालच सांगितलं."

भाजी चिरता चिरता तिनं पुन्हा विचारलं, "म्हणजे साडेसहाची बस नाहीच?"

"नाही. का हो?"

"काही नाही. उगीच."

संध्याकाळी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. बातमीला पाय असतात आणि अशा बातमीला चाकं. घड्याळजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मागे वळून पाहायची मनाई नव्हती, पण पाठीवर शंभर डोळे होते. त्यांना आपल्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ते जोडले. जोडलेले हात बरे दिसतात आणि कोणाला संशय येत नाही.

बुवांनी सूर लावला आणि भिंतींनी कान टवकारले. असा आवाज तीन वर्षांत लागला नव्हता. उपदेश त्यांनी एका श्वासात सांगितला: देवाला वेळ द्यावा, पण दुसऱ्याचा देऊ नये. पहिल्या रांगेत एकाची मान खाली गेली. आणि मग थेट होडी. पूर, मोडलेलं वल्हं, म्हातारीच्या हातात उचललेली काठी. बुवांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. मोठं गाणं धरलं. सगळ्यांनी डोळे मिटले, टाळ्या सुरू झाल्या. गाता गाता बुवांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, थोडे थबकले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते गाण्यातल्या शब्दांचं असेल असं सगळ्यांना वाटलं.

आज म्हातारीनं काठीचं वल्हं केलं. जिनं जन्मभर नुसती प्रार्थना केली ती पदर खोचून पाणी कापायला लागली. आणि ज्यानं जन्मात हात जोडले नव्हते त्या नावाड्याला, हाताला काही कामच उरलं नाही म्हणून, हात जोडावे लागले. "आजी, मला प्रार्थना येत नाही हो," नावाडी म्हणाला. "मला तरी वल्हवता कुठे येतं?" म्हातारी म्हणाली. "देव सांभाळून घेईल. आज कामाची अदलाबदल आहे."

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा चिटणीसही टाळ्या वाजवत होते. जोडलेल्या हातांवर घड्याळजींचं एक आसू पडलं. पुसायला हात सोडावे की न सोडावे, या विचारात ते तसंच राहिलं. बुवांनी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजले होते. पेटी मिटली.

बाहेर टोपलीपाशी चिटणिसांनी मनगटावर घड्याळ बांधलं आणि पाहिलं. सहा वाजून बारा मिनिटं. त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते, आणि ते सबंध वेळ कुठे होते याला प्रार्थनाघर साक्षीला होतं. चिटणीस तडक आत गेले. भिंतीवर सहा वाजून बारा मिनिटं, आणि घड्याळजींची पत्नी काच पुसत होती.

"ह्यांच्या हाताला मनाई ना," ती म्हणाली, "म्हणून किल्ली मीच दिली. चालेल ना?"

चिटणीस तिच्याकडे पाहत राहिले, मग घड्याळाकडे, मग बुवांकडे. बुवा पेटीवर फडकं घालत होते, फार मन लावून. चिटणिसांनी वही काढली. 'बारा मिनिटे उशीर. कारण:' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं.  मग त्यांनी लिहिलं, 'होडी किनाऱ्याला लागत होती.' आणि वही खिशात घातली.

घरी जाताना दोघं सावकाश चालत होती. वळणावर तिनं पदर सारखा केला, तेव्हा घड्याळजींना तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट दिसलं.  त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

"अगं, लंबक सोडताना नुसता सोडायचा असतो. ढकलायचा नाही. धक्का बसतो त्याला."

"मला शिकवू नका," रुमालाला बोट पुसत ती म्हणाली. "तुम्ही आपले हात जोडा."